जवळ आणि पाशी

फिनिश भाषा मला येते, असे म्हणणे धाडसाचे होईल. २०१९ च्या उन्हाळी सुटीत मी पाच आठवडे फिनलंडमध्ये होतो. तेवढ्या काळात कोणतीच भाषा येत नाही. फार तर दुकानांवरच्या पाट्या लागू लागतात आणि 'किइतोस', म्हणजे 'आभारी आहे', हा शब्द योग्य जागी तोंडातून निघतो. तरीही गेली काही वर्षे वर्गात शब्दयोगी अव्ययांचे प्रकरण शिकवायला घेतले, की त्या भाषेतले पाच-सहा शब्द माझ्या मनात येऊन उभे राहतात. ते का येतात हे स्वतःलाच नीट सांगावे, म्हणून हे टिपण लिहायला घेतले आहे. विषय व्याकरणाचाच आहे. मात्र तो व्याकरणाच्या पुस्तकापुरता माझ्याकडे राहिलेला नाही.

माझी धाकटी बहीण २०१३ पासून हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो या शहरात राहते. मी गेलो तेव्हा ती तिथल्या भाषापरीक्षेची तयारी करीत होती. नागरिकत्वासाठी अर्ज करायचा तर फिनिश किंवा स्वीडिश यांपैकी एका भाषेचे ज्ञान सिद्ध करावे लागते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिची वही सदैव उघडी असे. आमच्या घरी अभ्यासाची वही म्हणजे दोनशे पानी आणि डावीकडे समास आखलेली, अशीच लागते. ती तिने तिथेही तशीच ठेवली होती. त्या वहीच्या जवळजवळ प्रत्येक पानावर तीन रकाने होते. वर लिहिलेले असे : मिस्सॅ, मिस्तॅ, मिहिन. त्याखाली मराठीत अर्थ : कुठे, कुठून, आणि पुन्हा कुठे. या दुसऱ्या 'कुठे'पुढे तिने एक बाण काढला होता. बाण काढावा लागला, कारण मराठीत त्याला निराळा शब्द नाही. 'तू कुठे आहेस' आणि 'तू कुठे चाललास' या दोन्ही प्रश्नांत आपला 'कुठे' एकच असतो. असणे आणि जाणे यांतला फरक आपण क्रियापदावर सोपवतो. फिनिश तो नामाच्या अंगावरच लिहिते.

'तालो' म्हणजे घर. 'तालोस्सा' म्हणजे घरात, 'तालोस्ता' म्हणजे घरातून, आणि 'तालोऽन' म्हणजे घरात, पण बाहेरून येऊन. (देवनागरीत फिनिश लिहिताना जिथे अवग्रह घातला आहे, तिथे स्वर लांबवायचा आहे. त्या भाषेत ही लांबी ऐच्छिक नाही. 'तुलि' म्हणजे विस्तव आणि 'तूलि' म्हणजे वारा.) आतल्या जागेसाठी जशी ही तीन रूपे, तशीच पृष्ठभागासाठी किंवा सान्निध्यासाठी आणखी तीन. परंपरेने फिनिशमध्ये पंधरा विभक्ती मानतात, त्यांतल्या सहा अशा केवळ स्थळाच्या आहेत. संस्कृत शिकलेल्यांना हे तितकेसे परके वाटू नये. गृहे, गृहात्, गृहम् ही तिथलीही तीन रूपे आहेत : राहणारा सप्तमीत राहतो, निघणारा पंचमीतून निघतो आणि जाणारा द्वितीयेकडे जातो. मराठीने मात्र यांतली टोकाची दोन एकत्र केली. आपण घरी असतो आणि घरीच जातो; निघतो तेवढे घरून.

गंमत अशी की फिनिश गावांनाही हा आत-बाहेरचा नियम लागू आहे, आणि तो गावागणिक पाठ करावा लागतो. हेलसिंकी, एस्पो, तुर्कू या गावांच्या 'आत' माणसे राहतात. ताम्पेरे, वान्ताऽ, रोव्हानिएमी या गावांना मात्र 'वर' किंवा 'पाशी' दाखवणारी विभक्ती लागते. भारत हा देश 'आत'चा, रशिया 'वर'चा. आपल्याकडेही कोणी 'पुण्यात' म्हणतो आणि कोणी 'पुण्यास', पण त्यात कोणी नापास होत नाही. बहिणीला मात्र ती धास्ती होती.

विभक्तींच्या पुढची पायरी शब्दयोगी अव्ययांची. इथे माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला, कारण घडण ओळखीची होती. फिनिशमध्ये नाम षष्ठीत जाते आणि त्याच्या मागून अव्यय येते. 'तालोन' म्हणजे घराचा. 'तालोन एदेस्सॅ' म्हणजे घराच्या पुढे, 'तालोन ताकाना' म्हणजे घराच्या मागे, 'तालोन आल्ला' म्हणजे घराच्या खाली. मराठीत 'घराच्या पुढे' म्हणताना आपण हेच करतो. फिनिश ही इंडो-युरोपीय कुळातली नव्हे, उरालिक कुळातली भाषा आहे. मराठीशी तिचे रक्ताचे नाते नाही. पण दोघींनीही संबंध दाखवणारा शब्द नामाच्या मागे ठेवला आणि नामाला त्यासाठी थोडे वाकायला लावले. एक फरक असा, की आपण 'घराजवळ' जोडून लिहितो आणि ते लोक अव्यय सुटे लिहितात. 'घरा जवळ' असे तोडून लिहिणाऱ्या शेकडो उत्तरपत्रिकांवर मी लाल शाई खर्च केली आहे. एस्पोत ती सगळी मुले पास झाली असती.

ही अव्यये आली कुठून, हे पाहू लागलो तेव्हा आणखी ओळख पटली. ती मुळात नामेच होती. कुठल्या तरी स्थळविभक्तीत थिजून गेली आणि अव्यये झाली. 'पॅऽ' म्हणजे डोके. त्यावरून 'पॅऽल्लॅ', म्हणजे वर. 'रिन्ता' म्हणजे छाती. त्यावरून 'रिन्नाल्ला', म्हणजे बरोबरीने, खांद्याला खांदा लावून. आपण आधार देणाऱ्याला 'पाठीशी उभा राहिला' म्हणतो, तिथे या शब्दात छाती आहे. 'लुओना' म्हणजे अमक्याकडे, आणि 'ताकाना' म्हणजे मागे. या शब्दांच्या शेवटी जो 'ना' आहे तो एका जुन्या स्थळविभक्तीचा अवशेष आहे. आज ती विभक्ती 'अमुक म्हणून' या अर्थाने वापरतात, स्थळाचा जुना अर्थ अशा काही शब्दांतच उरला आहे. 'कोति' म्हणजे स्वतःचे घर. 'घरी' म्हणायचे तर आजही 'कोतोना' म्हणतात. चार भिंतींच्या 'तालो'ला नवी विभक्ती चालते, पण ज्याला आपण आपले घर म्हणतो त्याने जुनी सोडली नाही. आपल्या 'घरी' या रूपाचेही असेच आहे. 'दुकानी', 'बाजारी' आता बोलण्यात राहिले नाहीत, पण 'घरी' अजून आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जवळ या अर्थाचा फिनिश शब्द 'लॅहेल्लॅ'. त्याचीही तीन रूपे : लॅहेल्लॅ म्हणजे जवळ, लॅहेल्तॅ म्हणजे जवळून, लॅहेल्ले म्हणजे जवळ येणे किंवा जवळ नेणे यातला 'जवळ'. शेजारी याचीही तीन : विएरेस्सॅ, विएरेस्तॅ, विएरेऽन. मराठीत जवळ आणि जवळून एवढी दोनच. 'जवळ बसला आहे' आणि 'जवळ आला' यांत आपल्याला काही अडत नाही. मलाही अडत नव्हते, म्हणूनच चूक झाली.

माझा भाचा तेव्हा पाच वर्षांचा होता. दिवसभर तो पाळणाघरात असे. त्या पाळणाघराला तिथे 'पॅइवॅकोति' म्हणतात, शब्दशः दिवसाचे घर. त्यामुळे आईशी मराठी आणि बाकी जगाशी फिनिश असा त्याचा व्यवहार होता, आणि झोप आली की दोन्ही भाषा एकमेकींत मिसळत. एका रात्री त्याने अंथरुणातून मला हाक मारली, "मामा, तुले विएरेऽन." शेजारी ये. जूनचा महिना होता, रात्रीचे दहा वाजले तरी बाहेर लख्ख उजेड, आणि त्याला एकट्याला झोप येत नव्हती. मी हातातले पुस्तक मिटून त्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि नव्याने शिकलेल्या भाषेत अभिमानाने म्हणालो, "ओलेन विएरेस्सॅ." मी शेजारी आहे. तो अंथरुणात उठून बसला आणि ठामपणे म्हणाला, "एत ओले." स्वयंपाकघरातून बहिणीचे हसणे ऐकू आले. "दादा, तू नाहीयेस म्हणतोय तो. तू अजून पोचलाच नाहीस." मी मुकाट्याने जाऊन त्याच्या शेजारी आडवा झालो. मग त्याची हरकत उरली नाही.

पोरखेळच तो. पण मला त्यातले तत्त्व आवडले. ज्याने 'विएरेऽन'चे अंतर चालून पार केलेले नाही, त्याला 'विएरेस्सॅ' म्हणण्याचा अधिकार नाही. दारात उभे राहून मी जो शब्द वापरला तो माझ्या मराठी मनातून आला होता. तिथे 'जवळ' हा एक ऐसपैस प्रदेश आहे; दारही त्यातच येते.

पुढे एकदा मी आणि बहीण हेलसिंकीच्या ओओदी ग्रंथालयात गेलो. हे मध्यवर्ती ग्रंथालय डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाले. ते संसदभवनाच्या बरोबर समोर, मधल्या चौकापलीकडे आहे, आणि 'समोर' यासाठी तिथे जो शब्द आहे त्यातही 'पॅऽ', म्हणजे डोके, आहे. वरच्या मजल्यावर काचेतून चौकाकडे पाहत बहिणीने मला फिनिशमधल्या जवळिकीचे प्रकार समजावून सांगितले. तिची परीक्षा होती आणि समजावून सांगितल्याने तिचे पक्के होत होते. 'लॅहेल्लॅ' अंतर सांगतो; बसथांबा घराजवळ आहे, तो हा. 'विएरेस्सॅ' म्हणजे अगदी लगत, दोहोंत तिसरे काही नाही. 'लुओना' बहुधा माणसासाठी. डॉक्टरांकडे, आजीकडे म्हणताना आपला जो 'कडे', तो. आणि मग एक शब्द, 'ॲऽरेस्सॅ'.

हा शब्द तिला नीट सांगता येईना. ती म्हणाली, "हे बघ, समज टेबलाला लागून एक कुत्रा बसलाय. तो टेबलाच्या विएरेस्सॅ. पण टेबलावर पुस्तक ठेवून तू वाचत बसलायस, तर तू टेबलाच्या ॲऽरेस्सॅ." म्हणजे नुसती लगत नव्हे. ज्याच्यापाशी माणूस बसला आहे त्याच्याशी त्याचे काही चालले आहे, हे त्या शब्दात येते. शेकोटीच्या ॲऽरेस्सॅ, कामाच्या ॲऽरेस्सॅ, पुस्तकाच्या ॲऽरेस्सॅ. कॉफीच्या कपाच्या ॲऽरेस्सॅ गप्पा होतात. आजाऱ्याच्या अंथरुणाच्या ॲऽरेस्सॅ माणसे बसतात. घरी येऊन तिच्या जाड शब्दकोशात पाहिले. मूळ शब्द 'ॲऽरि', म्हणजे कड, सीमा. जगाच्या अंताला जाणे म्हणतात त्यातला अंत. त्यावरूनच 'ॲऽरेत्योन', ज्याला कड नाही ते, अनंत. कडेला येऊन बसणे यातून एखाद्या गोष्टीत लक्ष घालून तिच्यापाशी बसणे हा अर्थ आला, हे मला फार सुंदर वाटले. ते मी माझ्या टिपणवहीत लिहून ठेवले आणि विसरून गेलो.

आणखी एका शब्दाची नोंद त्याच पानावर आहे. 'राहणे' याला फिनिशमध्ये दोन क्रियापदे आहेत. वास्तव्य करणे या अर्थाने 'आसुआ'. एस्पोत राहते, हे पहिल्या रकान्यातले 'कुठे'. पण थांबणे, मागे उरणे, न जाणे या अर्थाने 'यॅऽदॅ', आणि त्याला तिसऱ्या रकान्यातली विभक्ती लागते, बाणाची. बहिणीने वहीच्या समासात तांबड्या पेनने लिहिले होते : "राहणे, पण मिहिन!" आईकडे थांबायचे तर 'लुओना' नव्हे, 'लुओ' म्हणायचे, जणू थांबणे हीसुद्धा एक हालचाल आहे आणि तिला दिशा आहे. विसरणे या क्रियापदाचेही तसेच : किल्ल्या घरी विसरल्या म्हणताना किल्ल्या घराच्या आत जातात. व्याकरणाच्या पुस्तकांत अशी क्रियापदे यादी करून देतात आणि पाठ करायला सांगतात. बहीण म्हणाली होती, "हे डोक्यात शिरत नाही रे. थांबलेल्या माणसाला कसली आली दिशा?" माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते.

त्या सुटीनंतर सव्वा वर्षाने, २०२० च्या दिवाळीच्या सुमारास, आई अंथरुणाला खिळली. हृदयाचे दुखणे जुनेच होते. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितले आणि आम्हीही तेच बरे मानले, कारण त्या वर्षी रुग्णालयांची अवस्था काय होती हे सर्वांना ठाऊक आहे. मार्च २०२० पासून नियमित आंतरराष्ट्रीय विमाने बंद होती. बहीण रोज दोन वेळा फोन करी. तिकडची सकाळ आणि इकडची दुपार यांत हिवाळ्यात साडेतीन तासांचा फरक. आमचे घर लहान, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मधल्या खोलीत आईची कॉट, आणि बाहेरच्या खोलीत माझा संगणक, कारण महाविद्यालयाचे तास तेव्हा घरूनच घ्यायचे होते. दोन्ही खोल्यांमधले दार मी उघडे ठेवी. आवाज नको म्हणून कानांत यंत्र घालून बसे. दारातून आईचे पाय दिसत.

बहिणीचा फोन आला की तिचा पहिला प्रश्न एकच असे : "दादा, आईपाशी कोण आहे?" आणि माझे उत्तरही ठरलेले : "अगं, मी जवळच आहे."

हे उत्तर खोटे नव्हते. दहा पावलांचे अंतर होते. हाक मारली असती तर, कानांतले यंत्र नसते तर, ऐकू आली असती. एके दिवशी दुपारी तास चालू असताना बहिणीचा फोन आला. मी विद्यार्थ्यांना क्षणभर थांबवून तेच उत्तर दिले आणि पुन्हा तासाकडे वळलो. पत्नी औषधे आणायला गेली होती. तास संपला, शंका विचारून झाल्या, हजेरी झाली. आत गेलो तेव्हा आई गेलेली होती. तिच्या उशाशी सकाळचा पाण्याचा पेला तसाच होता. नंतर आलेल्या डॉक्टरांनी पाऊण तासापूर्वी केव्हातरी झाले असावे असे सांगितले. तिला त्रास झाला नसावा, असेही म्हणाले. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला आहे.

बहिणीला मी फोनवर काय सांगितले, तर "मी जवळच होतो". तिने पुढे काही विचारले नाही. दूर असलेल्या माणसाला, आपण तिथे नव्हतो, हेच इतके मोठे वाटत असते की जो तिथे होता तो नेमका कुठे होता हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्याला वाटत नाही. नातेवाइकांनाही मी तेच सांगितले. "तू जवळ होतास, हे तिचं भाग्य," असे एका मावशीने म्हटले. मी मान हलवली.

पुढल्या वर्षी तास पुन्हा वर्गात सुरू झाले आणि शब्दयोगी अव्ययांचे प्रकरण आले. स्थलवाचक अव्यये फळ्यावर लिहिली : आत, बाहेर, मागे, पुढे, जवळ, पाशी, शेजारी, लगत. मग नेहमीप्रमाणे म्हणालो, "जवळ आणि पाशी हे समानार्थी." आणि तिथेच थांबलो. वीस वर्षे हे वाक्य मी उच्चारत आलो होतो. जवळ आणि पाशी समानार्थी नाहीत. बसथांबा घराजवळ असतो, घरापाशीही असेल. पण चूल पेटवणारी बाई चुलीजवळ नसते, चुलीपाशी असते. पोथीपाशी बसतात, देवापाशी मागणे मागतात, मन एखाद्यापाशी मोकळे करतात. मन कोणाजवळही मोकळे करता येते, हे खरे. पण 'पाशी' म्हटल्यावर ऐकणारा तिथे बसून ऐकतो आहे, हे कळते. 'पाशी'चे मूळ संस्कृतातल्या 'पार्श्व'मध्ये, म्हणजे बाजू, कूस. त्याच 'पास'ला ऊन लागून 'पासून' झाला, आणि तो आता स्थळाइतकाच काळाचाही झाला आहे. जिच्यापाशी असायचे, तिच्यापासूनच माणूस दूर जातो. अंतर नंतर दिवसांत मोजले जाते.

बहीण रोज 'आईपाशी कोण' विचारत होती आणि मी रोज 'जवळ' असे उत्तर देत होतो. मराठीची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या माणसाच्या लक्षात हा शब्दबदल आला नाही, असे मला म्हणता येत नाही. तो शब्द मी टाळत होतो. 'पाशी' म्हटले असते तर खोटे बोललो असतो, आणि 'जवळ' म्हटल्याने खरे बोलून निभावत होते. भाषा आपल्याला फसवत नाही. तिने दोन्ही शब्द देऊन ठेवलेले असतात. ओओदीच्या वरच्या मजल्यावर मला जो फरक परक्या भाषेचे सौंदर्य वाटला होता, तो घरात होताच. परक्या भाषेत तो नवा म्हणून दिसला. घरचा शब्द रोजच्या वापरातला असल्याने त्याच्याकडे पाहिलेच नव्हते.

फिनिशमध्ये 'लॅहेल्लॅ'च्याच कुळातला एक शब्द आहे, 'लॅहिम्मॅइनेन'. लॅहिन म्हणजे सर्वांत जवळचा, त्यावरून हा. बायबलातल्या त्या प्रसिद्ध आज्ञेत ज्या शेजाऱ्यावर प्रेम करावयास सांगितले आहे, त्याच्यासाठी फिनिश भाषांतरात हा शब्द येतो. आणि जिवाभावाच्या माणसाला 'लॅहेइनेन' म्हणतात. म्हणजे अंतराच्या शब्दाने नात्याचे काम तिथेही चालते, जसे आपल्याकडे 'जवळचा माणूस' या शब्दाने चालते. मी आईला जवळचा होतोच. त्याबद्दल मला स्वतःवर शंका घ्यायची नाही. नोकरी होती, पन्नास मुले पडद्यापलीकडे होती, आणि मृत्यू वेळ सांगून येत नाही. या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत. तरी जे घडले ते सांगायला योग्य शब्द वापरायला हवा होता, एवढेच.

बहीण आली ती जून २०२२ मध्ये, तिकडच्या शाळांना सुटी लागल्यावर. भाच्याची मराठी बरीच मागे पडली होती. मधल्या खोलीत कॉट तशीच ठेवली होती. तिच्यावर आता धुतलेल्या कपड्यांच्या घड्या असत. एका संध्याकाळी वीज गेली होती आणि आम्ही दोघेच तिथे बसलो होतो. ती कॉटवर, मी दारात. ती म्हणाली, "त्या दिवशी मी फोन केला तेव्हा तू नक्की कुठे होतास?" सुरात आरोप नव्हता. दीड वर्ष तिने हा प्रश्न ठेवून दिला होता, एवढे कळत होते.

मी मराठीत सुरुवात केली. "मी जव..." एवढे म्हणालो आणि पुढचे तोंडातून निघेना. मग मला तो शब्द आठवला. संगणकाला फिनिशमध्ये 'तिएतोकोने' म्हणतात. तिएतो म्हणजे ज्ञान, कोने म्हणजे यंत्र. जो शब्द आजाऱ्याच्या अंथरुणापाशी बसलेल्या माणसासाठी वापरतात, तोच संगणकापाशी बसलेल्यासाठीही वापरतात, हे तिच्याच वहीत वाचले होते. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी कोणाला बसता येत नाही.

"तिएतोकोनेऽन अरेस्सॅ," मी म्हणालो.

ती बराच वेळ काही बोलली नाही. बाहेर भाचा अंगणात कोणाशी तरी मोडक्या मराठीत भांडत होता. मग ती कॉटवरच्या घड्या एका बाजूला सारत म्हणाली, "ॲऽरेस्सॅ. पहिला स्वर लांब आहे, दादा."

मी उठून कॉटपाशी गेलो, तिने केलेल्या जागेत बसलो आणि तो शब्द पुन्हा म्हणालो. या वेळी बरोबर आला असावा. तिने काही सुधारले नाही.